चावी अडली म्हणून पक्कड लावू नकोस

चि. चिऊस,


तुझं पत्र मिळालं, अण्णांच्या गिटारचे फोटोही नीट पाहिले. बाकी सगळं सांगण्याआधी एक गोष्ट ऐक: ती पक्कड परत डब्यात ठेव. तिसरी आणि चौथी चावी बोटांनी वळत नाही हे मला मान्य आहे. पण पक्कड लावलीस तर चावी वळेलच याची खात्री नाही, काहीतरी तुटेल याची मात्र आहे. बहुधा आधी तुटेल ते पिवळट पांढरं बटण. ते सेल्युलॉइडचं आहे. सेल्युलॉइड जुनं झालं की आकसतं, आतून बारीक तडे जातात, आणि पकडीच्या जबड्यात ते एका दाबात चुरा होऊन पडतं. बटण टिकलं तर त्याच्या आतला बारीक दांडा पिळवटेल. म्हणून हातातली घाई आधी काढून टाक.

चावीच्या यंत्राची रचना एकदा डोळ्यांसमोर आण, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. बटणाच्या दांड्याला आटे पाडलेले आहेत. ते आटे एका छोट्या पितळी दातेरी चाकाच्या दातांत बसतात. चाक खुंटीच्या टोकाला आहे आणि खुंटीवर तार गुंडाळलेली. अशा यंत्रांत बटणाचे साधारण बारा ते चौदा फेरे झाले की खुंटीचा एक फेरा होतो. म्हणजे तू बोटांनी लावलेला जोर खुंटीपर्यंत पोचताना कितीतरी वाढलेला असतो. उलट दिशेने मात्र काहीच चालत नाही: बटण फिरवलं तर खुंटी फिरते, पण तारेने कितीही ओढलं तरी खुंटी बटणाला फिरवू शकत नाही, कारण आट्यांचा उतार फार कमी असतो आणि घर्षण त्याला धरून ठेवतं. एकेका तारेचा ओढा दहा-बारा किलोच्या घरात असतो आणि तो ही एवढीशी पितळी जोडी वर्षानुवर्षं पेलते. अण्णांनी ही गिटार घेतली तेव्हापासून ती पेलते आहे. ती वाईट नाही, तिची निगा राहिलेली नाही, एवढंच.

आता तू विचारशील, एवढा चाव्यांचा विचार कशाला, थोडं कमी-जास्त चालेल की. इथे चालत नाही. साध्या गिटारवर बोट तारेवर दाबताना जरासं ओढून, जरासं ढकलून बेसूर झाकता येतो. आपल्या हवाईयन गिटारवर पोलादी बार एका सरळ रेषेत सगळ्या तारांवर टेकतो. मोकळ्या तारांत एक तार जेवढी उतरलेली, तेवढीच ती पाचव्या घरावर, सातव्या घरावर, बाराव्या घरावर उतरलेली राहणार. बार तिरका धरून काही जोड्या सावरता येतात, पण सगळं नाही. म्हणून या वाद्यात अर्धी साधना तारा मिळवण्यात आहे असं मी मानतो. आणि तार केसभर चढवायची असताना चावी आधी अडून बसली आणि मग एकदम उडी मारून पुढे गेली, तर कुणालाही ती तार सुरात आणता येणार नाही. तुझा कान चांगला आहे. लहानपणी तू पेटीच्या सुराबरोबर गुणगुणायचीस तेव्हापासून मला ते माहीत आहे. तुझ्या कानाला चाव्यांनी साथ द्यायला हवी.

हे वाद्य आलं कुठून तेही तुला माहीत असावं. हवाई बेटांवर, ओआहूमधल्या लाइए गावचा जोसेफ केकुकू नावाचा मुलगा 1880 नंतरच्या दशकात गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर लोखंड सरकवून वाजवू लागला, असं बहुतेक इतिहासकार मानतात. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथे हवाईचं संगीत गाजलं आणि अमेरिकाभर त्याचं वेड पसरलं. चाळीसच्या दशकात ताऊ मो हा हवाईयन वादक आपल्या कुटुंबासह कोलकात्यात राहिला होता. बंगालमध्ये हे वाद्य घराघरांत गेलं. मुंबईत हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ली यांनी सिनेमाच्या गाण्यांच्या धुना गिटारवर वाजवल्या, त्यांच्या तबकड्या अण्णांकडे होत्या. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग मांडले. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीमध्ये शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला काब्रांची गिटार आहे. ती ऐकली नसलीस तर हे पत्र बाजूला ठेवून आधी ती ऐक. एक सूर दुसऱ्या सुरात कसा विरघळतो ते ऐक. तो विरघळायला आधी प्रत्येक तार आपल्या जागी असावी लागते.

आता तुझ्या गिटारकडे वळतो. तू लिहिलंस की दुसरी, तिसरी आणि चौथी या तीन चाव्या जड आहेत, त्यातल्या शेवटच्या दोन तर अजिबात वळत नाहीत, पहिली, पाचवी आणि सहावी बऱ्या आहेत. हे वाचून मला फार आनंद झाला, कारण यात दुखण्याचा पत्ता आहे. तू ए मेजरमध्ये तारा लावतेस ना? नेहमीच्या गिटारच्या सुरांवरून त्यात जायला डी ची ई करावी लागते, जी ची ए आणि बी ची सी शार्प. म्हणजे नेमक्या याच तीन तारा अख्ख्या स्वराने वर जातात. तार एक स्वर चढवली की तिचा ओढा जवळजवळ सव्वापट होतो. बाकीच्या तीन तारा आपल्या जागीच असतात, त्यांच्या चाव्यांवर हा जादा भार कधी पडतच नाही. तेव्हा सगळा दोष चाव्यांच्या माथी मारू नकोस. तू बाजारातून कोणत्या जाडीच्या तारा आणल्यास ते मला कळव. चढ्या लावणीसाठी मधल्या तीन तारा थोड्या बारीक घेतल्या तर चाव्यांचाही जीव वाचतो आणि गिटारच्या पोटाचाही.

दुसरा संशयित म्हणजे नट. मानेच्या टोकाला मूळ नटावर जो उंच धातूचा तुकडा चढवला आहे, त्याच्या खाचा भिंग घेऊन बघ. हे तुकडे बरेचदा ओबडधोबड कापलेले असतात. जाड तार खाचेत रुतून बसते. तू चावी पिळतेस तेव्हा नटापलीकडचा तारेचा छोटा भाग तेवढा ताणला जातो, वाजणाऱ्या भागाला काही कळतच नाही, आणि मग टणकन आवाज होऊन सूर एकदम पुढे उडी मारतो. हा टणकारा ऐकू आला की समजावं, दोष नटात आहे. परीक्षा सोपी आहे: तार वाजव, मग नट आणि खुंटी यांच्या मधल्या भागावर बोटाने दाब दे आणि सोड. सूर चढून मूळ जागी परत आला नाही, तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत मऊ शिसपेन्सिलीची पूड भर, 4बी मिळाली तर उत्तम. खाच कानशीने रुंद करायच्या फंदात मात्र पडू नकोस. खाच गरजेपेक्षा रुंद झाली की तार खुळखुळते आणि मग नवा नट घडवल्याशिवाय इलाज राहत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आपला पावसाळा. तुझ्या गिटारचं डोकं लांब खाचांचं आहे, म्हणजे खुंट्या आडव्या जातात आणि त्यांचं दुसरं टोक मधल्या लाकडाच्या भोकात बसतं. जुलै-ऑगस्टमध्ये दार चौकटीत घट्ट बसतं, तसंच ते लाकूड फुगून खुंटीला आवळतं. दिवाळीनंतर तीच चावी आपोआप सुटी झालेली आढळते. म्हणून विचारतो: चाव्या वर्षभर जड असतात की पावसात जास्त? पावसातच असतील तर भोक मोठं करू नकोस. गिटार कोरड्या जागी ठेव, भिंतीला टेकवून नको आणि लोखंडी कपाटातही नको.

या तिन्हींचा निकाल लावायला एकच खरी चाचणी आहे. सगळ्या तारा उतरव. एकदम सोडू नकोस, सहाही थोड्या थोड्या सैल करत ये, म्हणजे मानेवरचा ताण एका बाजूने सुटत नाही. तारा निघाल्यावर प्रत्येक चावी रिकामीच फिरवून बघ. रिकामी चावी हलकी फिरत असेल तर यंत्र निर्दोष आहे, दुखणं तारेत किंवा नटात आहे. रिकामी असतानाही जड असेल तर तीन-तीन चाव्या ज्या धातूच्या पट्टीवर बसवल्या आहेत तिचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा ढिले करून पुन्हा फिरव. आता हलकी झाली? मग पट्टी लाकडावर वाकून आवळलेली होती किंवा खुंटी भोकात तिरपी बसली होती. पट्टी काढून सपाट फरशीवर ठेवलीस की कळेल. आणि स्क्रू ढिले करूनही जडच राहिली, तरच आत घाण सुकली आहे, किंवा पावसात फुगलेलं लाकूड खुंटीला आवळतं आहे, असं म्हणायचं. लोक नेमके उलट करतात: आधी तेल ओततात आणि मग विचार करतात.

पट्टी काढायची झाली तर स्क्रूंशी अतिशय नम्रपणे वाग. ते बारीक, जुने, लाकडात गंजलेले असतात आणि डोकं तुटलं की आतला तुकडा काढणं हे माझ्यासारख्याचंही घामाचं काम आहे. खाचेत बरोबर बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घे, अरुंद पातं चालवू नकोस. आधी आवळायच्या दिशेने अगदी किंचित हलव, गंजाची पकड सुटते, मग उलटा फिरव. तरी हलला नाही तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक काही सेकंद स्क्रूच्या डोक्यावर टेकव, गार होऊ दे आणि पुन्हा प्रयत्न कर. पण सेल्युलॉइडच्या बटणांपासून ते आयर्न दूर ठेव. सेल्युलॉइड फार पटकन पेट घेतं. एका पुठ्ठ्यावर गिटारच्या डोक्याचं चित्र काढ आणि प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेव. डावी पट्टी आणि उजवी पट्टी यांच्यावर पेन्सिलीने खूण कर. त्या एकमेकींच्या जागी बसवल्या तर वरकरणी सगळं ठीक दिसतं, पण यंत्र उलटं होतं: जिथे तारेचा ओढा दातेरी चाकाला आट्यांवर दाबत होता, तिथे तो त्याला आट्यांपासून दूर खेचू लागतो, आणि चाकाचे दात लवकर झिजतात.

पट्टी हातात आली की चाक बघ. चाकाच्या मधोमध छोटा स्क्रू असेल तर ते उघडता येतं. स्क्रूऐवजी ठोकून बसवलेलं रिबिटासारखं डोकं दिसलं तर उघडायचं नाही, तसंच साफ करायचं. फोटोत मला स्क्रू दिसतोय असं वाटतं, पण प्रकाश कमी आहे. दातांमध्ये जो काळा, मेणचट थर आहे ते पूर्वीचं तेल आणि धूळ यांचं मिश्रण, दगडासारखं वाळलेलं. त्याच्या कडेला हिरवट दिसतो तो पितळेवर चढलेला कळंक. टोकदार बांबूच्या काडीने आधी कोरडी घाण काढ. सुई किंवा दाभण वापरू नकोस, पितळेवर ओरखडे पडतात. मग जुन्या टूथब्रशवर थोडं लायटरमध्ये भरायचं पेट्रोल घेऊन दात घास, खिडकी उघडी ठेवून आणि गॅस, उदबत्ती, देवापुढचं निरांजन सगळं दूर ठेवून. बटणांना ते लागू देऊ नकोस. गिटारच्या लाकडावर तर थेंबही नको. पट्टीवरचा निकेलचा मुलामा पातळ असतो. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यातलं काहीही त्याला लावायचं नाही. तो जुना दिसतो म्हणून वाईट दिसत नाही. तू गिटार चमकवायला घेतलेली नाहीस, वाजती करायला घेतली आहेस.

आता वंगण. घरात जे तेल हाताशी असतं ते सगळं यासाठी कुचकामी आहे. शेंगदाण्याचं आणि तिळाचं तेल हवेने घट्ट होऊन चिकटा धरतं, तुझ्या चाव्यांत आत्ता आहे तसाच. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे पौषातल्या पहाटे पुन्हा चावी जड. फवाऱ्याच्या डब्यातलं पातळ तेल गंज सोडवायला उपयोगी, पण ते टिकत नाही आणि पसरत पसरत लाकडात शिरतं. तेल प्यालेलं लाकूड स्क्रूला धरत नाही. शिलाई मशीनचं तेल आण. काडीच्या टोकावर अर्धा थेंब, बटणाचा दांडा पट्टीच्या कानांतून जातो तिथे. दातांना मात्र जाड वंगण हवं: पांढरं लिथियम ग्रीस, तांदळाच्या दाण्याहून कमी. चावी दोन्ही दिशांना बरेच फेरे फिरव म्हणजे ते सगळ्या दातांना लागेल, आणि बाहेर आलेलं फडक्याने पूर्ण पुसून टाक. जे बाहेर राहील त्यावर धूळ बसणार आणि पुढच्या पिढीला हेच काम पुन्हा करावं लागणार.

इथे मिरजेत सतारवाल्यांच्या दुकानात तू खुंटीला खडू लावताना पाहिलं आहेस. सतारीची लाकडी खुंटी केवळ घर्षणावर उभी असते, ती घसरू नये म्हणून खडू. कुणी सल्ला दिला तरी तो खडू या यंत्राला लावू नकोस. इथे पकड आट्यांची आहे, खडू म्हणजे फक्त वाळू.

चाकाचा मधला स्क्रू किती आवळायचा, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. तो ढिला असेल तर चाक डगमगतं, तार वाजवताना बारीक खरखर येते आणि तुला वाटतं दोष बारमध्ये आहे. जास्त आवळलास तर चावी पुन्हा जड. पूर्ण बसव, मग अगदी थोडा मागे घे, बटण दोन बोटांत धरून फिरव, पुन्हा किंचित आवळ. सहाही चाव्या बोटांना सारख्या लागेपर्यंत हे करत राहा. याला संध्याकाळ जाईल. जाऊ दे.

पट्टी परत बसवताना स्क्रू भोकात ठेवून आधी उलट दिशेने फिरव. जुन्या आट्यांत तो खटकन खाली बसल्याचं बोटांना कळतं, तिथून पुढे आवळायला लाग. असं न करता थेट आवळलास तर लाकडात नवे आटे कापले जातात आणि भोक ढिलं होतं. स्क्रूच्या टोकाला मेणबत्तीचं मेण चोळ. साबण नको, तो ओल धरतो. शेवटचा आवळ लावण्याआधी सगळ्या खुंट्या हाताने फिरवून बघ, कारण पट्टी केसभर सरकली तरी तिन्ही खुंट्या एकदम जड होतात.

नव्या चाव्यांबद्दल विचारलंस. मोबाइलवर दाखवतात त्या चकचकीत, बंद डब्यांच्या चाव्या चांगल्या असतात, पण त्या अण्णांच्या गिटारसाठी नाहीत. त्यांची भोकं वेगळ्या अंतरावर, खुंट्या जाड, वजन जास्त. बसवायच्या तर डोक्याचं लाकूड पोखरावं लागेल, आणि पोखरलेलं लाकूड परत भरता येतं पण पहिल्यासारखं होत नाही. जुनी यंत्रं मी कधी काढतो तेही सांगतो: चाकाचे दात झिजून धारदार झाले असतील, चावी फिरवताना मधेच घसरून रिकामी जात असेल, किंवा आट्यांचा दांडा वाकला असेल. तेव्हाही आधी तीन-तीन चाव्यांच्या, त्याच अंतराच्या पट्ट्या शोधायच्या. दोन खुंट्यांच्या मध्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून मला पाठव. नुसती बटणं तडकली असतील तर बटणं वेगळी मिळतात, त्यासाठी अख्खी यंत्रं बदलायची गरज नाही.

तारा चढवल्यावर दोन सवयी लाव. खुंटीवर तीन-चार वेढे पुरेत, एकावर एक न चढता खाली खाली जाणारे. गुंता झालेले वेढे हळूहळू बसत राहतात आणि तू चावीला बोल लावतेस. आणि सुरावर नेहमी खालून चढत ये. तार चढी झाली तर तिथेच मागे आणून थांबू नकोस. सुराच्या खाली उतर आणि पुन्हा वर ये, म्हणजे आट्यांमधली मोकळी जागा तारेच्या ओढ्याने भरलेली राहते आणि तार वाजवता वाजवता उतरत नाही. मोबाइलमधलं सूर दाखवणारं यंत्र वापर, माझा विरोध नाही, पण शेवटची केसभर हालचाल कानाने कर. ए मेजरमधला सी शार्प यंत्राच्या काट्यापेक्षा जरा उतरता ठेवलास तर सगळ्या तारा एकत्र छेडताना किती गोड लागतात ते स्वतः ऐकून बघ.

येत्या रविवारी तारा उतरव आणि मी सांगितलेली रिकाम्या चाव्यांची चाचणी कर. प्रत्येक चावीसमोर हलकी, जड, की मधेच अडते, एवढंच कागदावर लिहून फोटो पाठव, आणि चाकाच्या स्क्रूचा एक फोटो दिवसाच्या उजेडात काढ. ग्रीसची छोटी नळी तुझी आई पुढच्या आठवड्यात इथून निघेल तेव्हा तिच्याजवळ देतो.

तुझा,
मामा